उन्हाळ्यातील सावली कोणत्या भाजीला द्यावी? खानदेशातील नवशिक्या परसबागेसाठी तुलनात्मक आढावा

होळीच्या सुमारास खानदेशातील बहुतेक नव्या परसबागांत एकच घोटाळा होतो. दिवाळीनंतर हौसेने पेरलेल्या मेथी-कोथिंबिरीने हिवाळाभर घर पुरवलेले असते, पालकाचे चार-पाच तोडे निघालेले असतात, आणि त्या यशाच्या भरात रिकाम्या झालेल्या वाफ्यात तेच बियाणे, त्याच पद्धतीने आणि तेवढ्याच पाण्यावर पुन्हा पेरले जाते. पाडव्यानंतर त्या वाफ्यात बोटभर उंचीच्या, शेंड्याला फुले धरलेल्या काड्या उभ्या असतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांच्या सपाटीवर मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर सहज असतो आणि काही दिवस ४५ अंश ओलांडतो. याच भागातील डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मात्र १०-१२ अंशांपर्यंत उतरतात. हिवाळी भाज्यांना मानवणारे दिवस आपल्याकडे आहेत, पण ते वर्षाच्या एका बाजूला गोळा झालेले आहेत.

अशा वेळी नवशिक्यासमोर तीन मार्ग असतात. पहिला, कृत्रिम सावली देऊन तीच हिवाळी भाजी उन्हाळ्यात घेणे. दुसरा, तिच्या जागी उन्हाळा सोसणारी भाजी लावणे. आणि तिसरा, पावसाळा सरेपर्यंत थांबणे. या तिन्हींतला एकच मार्ग सगळ्या भाज्यांना लावू नये, असे माझे मत आहे. उन्हाळ्यात परसबागेतील सर्वांत दुर्मीळ वस्तू म्हणजे सावली आणि थंड पाणी. त्या दोन्ही मोजक्याच असल्यामुळे कोणत्या भाजीला त्या द्यायच्या, कोणत्या भाजीला पर्याय शोधायचा आणि कोणती भाजी सरळ बाजारातून आणायची, हे भाजीगणिक ठरवावे लागते.

उन्हाळा नेमके काय बिघडवतो

हिवाळी भाज्यांचे उन्हाळ्यातील नुकसान तीन ठिकाणी होते, आणि प्रत्येक ठिकाणचा उपाय वेगळा असल्यामुळे ती वेगळी ओळखता आली पाहिजेत.

पहिले ठिकाण उगवणीचे. उघड्या वाफ्यातील वरची बोटभर माती भर दुपारी हवेपेक्षाही बरीच अधिक तापते, आणि बी असते ते नेमके त्याच थरात. सॅलडच्या लेट्यूसचे बी ३० अंशांच्या पुढे अक्षरशः झोपी जाते. ते मेलेले नसते, पण उगवतही नाही. धने आणि पालकाचे बी इतके हट्टी नसले तरी त्यांची उगवण रेंगाळते आणि विरळ होते.

दुसरे ठिकाण अवेळी फुलावर येण्याचे. आपल्या अक्षांशावर डिसेंबरमधील दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो, तर जूनमध्ये तो सव्वातेरा तासांहून मोठा होतो. वाढता दिवस आणि वाढती उष्णता यांची जोडी मिळाली की कोथिंबीर, पालक, मुळा, लेट्यूस या वनस्पती पाने वाढविण्याचे काम आवरते घेऊन बी धरण्याच्या तयारीला लागतात. शेडनेटने, म्हणजे सावलीच्या जाळीने, उष्णता थोडी कमी होते, दिवसाची लांबी मात्र कमी होत नाही. म्हणून जाळीखालची कोथिंबीरही हिवाळ्याइतकी टिकेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

तिसरे ठिकाण रात्रीचे आहे आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. दिवसा तयार केलेल्या अन्नाचा काही भाग झाड रात्री श्वसनात खर्च करते, आणि रात्र जितकी उकाड्याची तितका हा खर्च मोठा. दिवसा सावली दिली, भरपूर पाणी दिले, तरी मे महिन्यातील कोबी वाढत का नाही, याचे एक उत्तर येथे सापडते: दिवसाची कमाई रात्री उडून जाते. तांदुळजा, राजगिरा आणि घोळ या पालेभाज्यांची अन्न तयार करण्याची रीत मुळातच वेगळी आहे. ज्वारी, मका आणि ऊस यांच्याप्रमाणे या वनस्पती कडक उन्हात कर्बवायूचा अधिक काटकसरीने उपयोग करतात, आणि म्हणूनच पालक मान टाकतो त्या दुपारी शेजारचा तांदुळजा ताठ उभा असतो.

कोथिंबीर आणि मेथी: सावलीवर पहिला हक्क कोणाचा

दोन्ही भाज्या महिना-दीड महिन्यात हाती येणाऱ्या, दोन्हींचे बी किराणा दुकानात मिळणारे, आणि दोन्ही घरात रोज लागणाऱ्या. तरीही एकाच जाळीखाली एकीलाच जागा देता येत असेल तर ती कोथिंबिरीला द्यावी. याचे कारण शेतीशास्त्रापेक्षा स्वयंपाकघरात अधिक आहे. मेथी नसेल त्या दिवशी दुसरी पालेभाजी शिजवता येते. शेवभाजीवर किंवा आमटीवर भुरभुरायला कोथिंबिरीच्या जागी दुसरे काही चालत नाही. शिवाय मे-जूनमध्ये बाजारातील कोथिंबिरीची जुडी बारीक होत जाते आणि भाव चढत जातो, त्यामुळे घरच्या चार चौरस फुटांचा खरा उपयोग याच काळात होतो.

कष्टांच्या दृष्टीने मात्र मेथी फार सोपी आहे. रात्रभर भिजवलेली मेथी उन्हाळ्यातही तिसऱ्या-चौथ्या दिवशी जमिनीवर येते आणि उगवणीत फारशी फसवत नाही. पुढे तिची पाने लहान राहतात, चव अधिक कडवट होते आणि पाचव्या आठवड्यापासून ती फुलाकडे झुकते. म्हणून उन्हाळी मेथीची जुडी मोठी होण्याची वाट न पाहता ती तीन आठवड्यांची, वीतभर होण्याआधीच, मुळासकट उपटून वापरावी. मुंबईच्या किनाऱ्यावर वाळूत दाट पेरून कोवळेपणीच उपटली जाणारी समुद्रमेथी हा याच युक्तीचा जुना नमुना आहे. घरी एखाद्या पसरट घमेल्यात वाळू आणि शेणखत यांचे मिश्रण भरून दर दहा दिवसांनी एक घमेले पेरत राहिले, तर पूर्वेकडच्या ओट्यावर, जाळीशिवायही, एप्रिलच्या मध्यापर्यंत मेथी मिळत राहते. कसुरी मेथी मात्र उन्हाळ्यात वापरू नये. ती मुळातच सावकाश वाढणारी आणि थंडीची अधिक ओढ असलेली जात आहे.

कोथिंबिरीचा सगळा खेळ पहिल्या दहा दिवसांत ठरतो. आपण ज्याला धना म्हणतो ते वस्तुतः फळ असून त्यात दोन बिया असतात. तो अख्खा पेरला तर कवच भिजायला वेळ लागतो आणि तेवढ्या काळात वाफा दोनदा वाळून जातो. त्यामुळे धने गोणपाटावर पसरून सपाट तळाच्या चपलेने किंवा विटेने हलक्या हाताने रगडून त्यांच्या दोन फाका कराव्यात. जोर जास्त झाला तर पीठ होते आणि कमी झाला तर निम्मे धने अख्खेच राहतात. फाका होताना येणारा बारीक चरचर आवाज दोन-चार वेळा केल्यावर कानाला ओळखू येऊ लागतो. नंतर ते बारा तास भिजवून, निथळून, सुती फडक्यात बांधावेत आणि माठाच्या तिवईखाली ठेवावेत. भर एप्रिलमध्येही घरातील सर्वांत गार कोपरा तोच असतो, आणि माठाच्या झिरपणाऱ्या पाण्याने फडके आपोआप ओलसर राहते. चौथ्या-पाचव्या दिवशी फाकेच्या एका टोकाला पांढरे, तांदळाच्या कणीएवढे टोक दिसले की त्याच संध्याकाळी, आधीच भिजवून ठेवलेल्या वाफ्यात, अर्धा इंच खोल पेरणी करावी.

पेरलेल्या वाफ्यावर ओले गोणपाट अंथरल्याने माती थंड राहते, पण ते काढण्याची वेळ चुकवून चालत नाही. एका वर्षी मी ते एक दिवस उशिरा काढले, तेव्हा कोंब तागाच्या विणीत शिरून बसले होते आणि गोणपाटाबरोबर निम्मी कोथिंबीर उपटून हातात आली. त्यानंतर मी तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी एक कोपरा उचलून पाहतो आणि पहिला कोंब दिसला की त्याच संध्याकाळी गोणपाट काढतो.

ही मेहनत घेऊनही एप्रिलमधील कोथिंबीर हिवाळ्याच्या मानाने निम्मीच उंच होते, आणि साधारण ३५ ते ४० दिवसांत ती संपूर्ण काढून घ्यावी लागते. खुडून पुन्हा फुटवे येण्याची आशा उन्हाळ्यात धरू नये. काही रोपे फुलावर आलीच तर ती ठेवून द्यावीत. त्यांच्या हिरव्या धन्यांचा स्वाद चटणीला चांगला येतो.

पालक आणि तांदुळजा: येथे हट्ट सोडावा

आपल्या बाजारातील पालक हा विदेशी स्पिनॅच नसून बिटाच्या कुळातील भाजी आहे, आणि खऱ्या स्पिनॅचपेक्षा तो उष्णता बराच अधिक सोसतो. त्यामुळे ‘ऑल ग्रीन’सारखा परिचित वाण सावलीत लावला तर उन्हाळ्यातही पालक मिळत नाही असे नाही. फरक पडतो तो तोड्यांच्या संख्येत आणि पानाच्या प्रतीत: हिवाळ्यात पाच-सहा तोडे देणारा वाफा उन्हाळ्यात दोन-तीन तोड्यांतच थकतो, पाने जाड आणि तुरट होतात, आणि दुपारी एक वेळचे पाणी चुकले की कडा करपतात.

शेजारी तांदुळजा ठेवून पाहिल्यास तुलना एकतर्फी होते. त्याचे बी खसखशीसारखे बारीक असल्यामुळे ते चिमूटभर वाळूत मिसळून फेकावे लागते, एवढीच त्याची अडचण. पुढे तो सुमारे २५ ते ३० दिवसांत खुडण्याजोगा होतो, थेट उन्हात वाढतो, आणि शेंडा खुडला की बाजूने फुटतो. डाळभाजीत पालकाऐवजी तांदुळजा घातला तर घरातील लहान मुलांखेरीज कोणी तक्रार करत नाही. मायाळूचा वेल खिडकीच्या गजांवर किंवा कुंपणावर चढवला तर भजी आणि भाजी दोन्ही होतात, शिवाय त्या वेलीचीच सावली इतर कुंड्यांना मिळते. घोळ तर अनेकांच्या वाफ्यात तण म्हणून आपण होऊन येते. ती उपटून टाकण्याआधी तिची डाळ घालून केलेली भाजी आठवावी. अंबाडीची पेरणी आपल्याकडे पावसाबरोबर होते, पण घरी पाणी असल्यास मे अखेरीस पेरून तिचा कोवळा पाला भाकरीसोबत आधीच खाता येतो.

या तुलनेत पालकाची बाजू मी मुद्दाम उचलून धरत नाही. ज्यांच्याकडे जाळी आहे त्यांनी ती पालकावर घालवू नये.

मुळा: ज्याचे अपयशही खाता येते

नवशिक्याने उन्हाळ्यात एखादी कंदभाजी करून पाहायचीच असेल तर ती मुळा असावी, गाजर किंवा बीट नव्हे. भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा चेतकी’ हा मुळ्याचा वाण उन्हाळी आणि पावसाळी पेरणीसाठीच ओळखला जातो, आणि तो ४० ते ४५ दिवसांत तयार होतो. (ही संस्था १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथे स्थापन झाली आणि १९३४ च्या भूकंपानंतर दिल्लीला हलली, वाणांच्या नावांतील ‘पुसा’ तेथून आला आहे. आपल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या अनेक वाणांच्या नावांत ‘फुले’ असते. पाकिटावरील नाव वाचता आले की विक्रेत्याच्या शब्दावर विसंबावे लागत नाही.) हिवाळी जातींचा मुळा उन्हाळ्यात लावला तर तो तिखट, दोरेदार आणि आतून पोकळ होतो.

चेतकीचाही कंद एप्रिलच्या उन्हात हिवाळ्यासारखा रसाळ होईलच असे नाही. तरी या पिकाची खुबी अशी की ते कोणत्याही टप्प्यावर वाया जात नाही. वीसाव्या दिवशी विरळणी केली की पाल्याची भाजी मिळते, कंद बरा निघाला तर कोशिंबीर होते, आणि झाड फुलावर गेलेच तर त्याच्या कोवळ्या शेंगांची, म्हणजे डिंगऱ्यांची, भाजी होते. पहिल्याच उन्हाळ्यात धीर खचू नये म्हणून एक ओळ मुळ्याची अवश्य लावावी. मुळ्याला कुंडी मात्र किमान एक फूट खोल हवी.

कोबी, फ्लॉवर, वाटाणा, गाजर, लेट्यूस: थांबणेच योग्य

या गटाबाबत फार लिहिण्यासारखे नाही. ज्या भाजीचे पान खायचे ती अपुरी वाढली तरी थोडी मिळते. ज्या भाजीचा गड्डा, शेंग किंवा कंद खायचा ती अपुरी वाढली तर काहीच मिळत नाही, आणि या भाज्या वाफा दोन ते तीन महिने अडवून ठेवतात. वाटाण्याची फुले ३० अंशांच्या वर गळू लागतात. गाजराचा रंग आणि गोडी १५ ते २० अंशांत उत्तम भरते, आणि उन्हाळ्यात त्याचे बी उगवेपर्यंत वरचा थर दिवसभर ओला ठेवणे नोकरदार माणसाला शक्य नसते. लेट्यूसची अडचण वर आलीच आहे. तो कसाबसा उगवला तरी पाने कडू होतात.

फ्लॉवरच्या बाबतीत मी स्वतः फसलो आहे. पहिल्या वर्षी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एका रोपवाटिकेतून बारा रोपे आणली. विक्रेत्याने वाण ‘बारमाही’ असल्याचे सांगितले. नाव विचारले तर ‘साहेब, फ्लॉवर म्हणजे फ्लॉवर’ असे उत्तर मिळाले. मेच्या सुरुवातीला त्या बारा रोपांवर सुपारीएवढे गड्डे धरले, तेही सुटे-सुटे आणि मधून हिरवी पाने डोकावणारे. उष्णतेत फ्लॉवरचे असेच होते, हे मला नंतर कळले. फ्लॉवरच्या जातींचे गट तापमानानुसार पाडलेले असतात: ‘पुसा मेघना’, ‘पुसा कार्तिकी’ यांसारख्या लवकर येणाऱ्या जाती साधारण २० ते २७ अंशांत गड्डा धरतात, तर ‘पुसा स्नोबॉल’ गटातील उशिराच्या जातींना १० ते १६ अंश लागतात. यांपैकी कोणताही आकडा खानदेशच्या एप्रिल-मेमध्ये बसत नाही. म्हणजे ‘उष्णता सहन करणारा फ्लॉवर’ हे शब्द पाकिटावर खरे असले तरी ते सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उष्णतेबद्दल असतात, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, उष्णतेबद्दल नव्हे. त्यातच उन्हाळ्यात चौकोनी ठिपक्यांचा पतंग आणि मावा यांचा त्रास वाढतो, आणि चार कोबींसाठी दर आठवड्याला निंबोळी अर्क फवारत बसावे लागते. उन्हाळ्यातही बाजारात मिळणाऱ्या कोबीसाठी हा खटाटोप मला पटत नाही.

सावलीचे प्रकार: जाळी, साडी, भिंत आणि केळी

जाळी घ्यायची तर ५० टक्क्यांची घ्यावी, म्हणजे निम्मा प्रकाश अडवणारी. दुकानात बहुधा ७५ टक्क्यांची हिरवी जाळी आधी पुढे केली जाते, कारण गाड्या आणि ओटे झाकण्यासाठी तिलाच मागणी असते. तिच्याखाली माणसाला गार वाटते, पण कोथिंबीर प्रकाशाच्या शोधात लांबट, बारीक होऊन आडवी पडते. रंगांत पांढरी जाळी मिळाल्यास उत्तम, कारण ती उष्णता परत फेकते; काळी जाळी स्वतः तापते. रंगापेक्षाही महत्त्वाची आहे ती उंची. जाळी वाफ्याला टेकवून न बांधता निदान चार-पाच फूट वर ताणावी, म्हणजे तापलेली हवा खालून निघून जाते. पूर्वेची बाजू उघडी ठेवून सकाळचे ऊन आत येऊ द्यावे आणि पश्चिमेची बाजू जमिनीपर्यंत झाकावी, कारण एप्रिल-मेमधील दुपारच्या झळा त्याच अंगाने येतात. वळवाच्या वादळात सैल बांधलेली जाळी पहिल्याच दिवशी फाटते, म्हणून कडेला सुतळीऐवजी नायलॉनची दोरी वापरावी.

जुनी सुती साडी हा जाळीचा बिनखर्ची पर्याय आहे. दोन पदरी केली तर ती फार अंधार करते, एकेरी पुरते. तिचा दोष एवढाच की वाऱ्याने ती शिडासारखी फुगते आणि बांबू उपटते, आणि एका उन्हाळ्यापलीकडे ती टिकत नाही. पहिल्या वर्षी मात्र पैसे खर्च करण्याआधी साडीवरच प्रयोग करावा, असा माझा आग्रह आहे; उन्हाळी बागकाम आपल्याला झेपते का, हे त्यातून कळते.

या दोन्हींपेक्षा चांगली सावली भिंतीची. घराच्या पूर्वेकडच्या भिंतीलगत सकाळी चार तास कोवळे ऊन मिळते आणि दुपारी भिंतच आडवी येते. पालेभाजीला एवढे ऊन पुरे आहे. पश्चिमेची भिंत मात्र दुपारभर तापून रात्री दहापर्यंत उष्णता बाहेर टाकत राहते, तिच्याजवळ काही लावू नये.

रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात ज्यांची स्वतःची केळी आहे त्यांच्यासाठी आणखी एक जागा आहे. मृगबागेची, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला लावलेली, केळी एप्रिलमध्ये दहा महिन्यांची होऊन पूर्ण दाटलेली असते, तिच्याखाली मेथीलाही प्रकाश पुरत नाही. कांदेबागेची, म्हणजे पावसाळा सरल्यावर लावलेली, केळी त्या वेळी मध्यम उंचीची असते, आणि तिच्या ओळींमधील पट्ट्यात ठिबकचा ओलावा, पानांची झिरझिरीत सावली आणि शेवरीच्या कुंपणाने अडलेला वारा या तिन्ही गोष्टी एकत्र मिळतात. विकत घेतलेल्या कोणत्याही जाळीखाली असे वातावरण मी अनुभवलेले नाही. तेथे कोथिंबीर-मेथी घ्यावी, पण काकडी-भोपळ्यासारख्या वेली लावू नयेत. त्यांच्यावर वाढणारा मावा केळीवर विषाणूजन्य रोग आणतो.

वाफा की कुंडी, आणि पाण्याचा हिशेब

हिवाळ्यात कुंडी आणि वाफा यांत सोयीपुरताच फरक असतो. उन्हाळ्यात तो पिकाच्या जीवनमरणाचा होतो. जमिनीतील मुळांना खाली उतरून गारवा गाठता येतो, कुंडीतील मुळांना तो मार्ग नसतो. गच्चीवर उघड्यावर ठेवलेल्या काळ्या ग्रो बॅगेत मी एकदा मे महिन्यात दुपारी दोन वाजता, पश्चिमेकडच्या कडेने, बोट खुपसले आणि लगेच काढून घेतले; पाणी सकाळीच दिलेले होते, माती ओली होती, आणि त्या ओल्या मातीचाच चटका बसला. तिथल्या पालकाची मुळे कडेने तपकिरी होऊन गेली होती. त्याच दिवशी खाली जिन्याजवळ गोणपाटाने गुंडाळलेल्या मातीच्या कुंडीतील माती बोटाला स्पष्ट गार लागत होती. भाजलेल्या मातीतून पाणी झिरपून उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते, म्हणजे कुंडी माठाचेच काम करते. त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते: मातीच्या कुंडीला प्लास्टिकपेक्षा पाणी अधिक लागते.

म्हणून ज्यांना जमीन आहे त्यांनी उन्हाळ्यात वाफाच निवडावा, आणि तोही हिवाळ्यासारखा उंच गादीवाफा न करता जमिनीपेक्षा दोन-तीन इंच खोलगट करावा, म्हणजे पाणी आणि गारवा आत राहतो. आपली काळी जमीन वाळली की भेगाळते आणि कोवळी मुळे तोडते. तिच्यावर केळीची वाळलेली पाने, गव्हाचे काड किंवा उसाचे पाचट यांचे दोन इंच आच्छादन अंथरावे. शेणखत पूर्ण कुजलेलेच वापरावे, कारण अर्धवट कुजलेले खत मातीत तापते आणि वाळवीला आमंत्रण देते. ज्यांना फक्त गच्ची आहे त्यांनी काळ्या पिशव्यांना चुना लावावा किंवा गोणपाट गुंडाळावे, त्या विटांवर उचलून ठेवाव्यात आणि एकमेकींना चिकटवून मांडाव्यात, म्हणजे बाहेरच्या रांगेची सावली आतल्या रांगेला मिळते.

पाण्याचा हिशेब आधीच करावा, कारण आपल्याकडील अनेक गावांत उन्हाळ्यात नळाला काही दिवसांआड पाणी येते. एक चौरस मीटर जागेवरून एक मिलिमीटर पाणी उडाले म्हणजे एक लिटर गेले, आणि मे महिन्यात उघड्या वाफ्यावरून रोज असे अनेक मिलिमीटर जातात. आच्छादन आणि जाळी दोन्ही असलेल्या एका चौरस मीटरच्या कोथिंबिरीला मला दोन वेळचे मिळून साधारण अर्धी बादली पाणी लागते; उघड्या वाफ्याला बादलीही पुरत नाही. घरात पिण्याचेच पाणी मोजून वापरावे लागत असेल तर या लेखातील पहिला मार्ग आपल्यासाठी नाही, असे समजावे.

पाणी सकाळी आठच्या आत आणि सूर्य कलल्यावर द्यावे. गच्चीवरच्या काळ्या टाकीतील दुपारी चारचे पाणी चहाला निम्मे उकळल्यासारखे असते, ते नळीने थेट रोपांवर सोडू नये. आधी बादलीत काढून सावलीत गार होऊ द्यावे. भाजी धुतलेले आणि तांदूळ धुतलेले पाणी यासाठी उत्तम, आणि उन्हाळ्यात त्याचाच मोठा आधार असतो.

कोणी काय करावे

होळीपासून पाडव्यापर्यंत पेरणीला अजून वाव असतो. या काळात कोथिंबीर, मेथी, मुळा तिन्ही घेता येतात, आणि पहिल्या वर्षी एवढ्यावरच थांबणे शहाणपणाचे. पाडव्यापासून आखाजीपर्यंत जाळी किंवा पूर्वेची भिंत असेल तरच कोथिंबीर पेरावी. आखाजीपासून मृगापर्यंत नव्याने काही हिवाळी पेरू नये. आधीचे जगवावे आणि तांदुळजा, मायाळू, घोळ यांच्यावर घर चालवावे. मृगाच्या पावसानंतर तापमान उतरते खरे, पण मग कोथिंबिरीचा शत्रू बदलतो. काळ्या जमिनीत पाणी साचून रोपे बुडाशी कुजतात, त्यामुळे तेव्हा खोलगट वाफा मोडून उंच गादीवाफा करावा लागतो.

सदनिकेत राहणाऱ्या आणि दिवसभर कामावर असणाऱ्या माणसाने पूर्वेच्या बाल्कनीत मेथीची दोन घमेली आणि गजांवर मायाळूचा एक वेल, एवढेच करावे. अंगण असलेल्या घराने एक चौरस मीटर जाळीखाली कोथिंबीर आणि उघड्यावर तांदुळजा लावावा, कडेने मुळ्याची एक ओळ. स्वतःची केळी असलेल्यांनी जाळी विकतच घेऊ नये. अडले तर धुळे आणि नंदुरबारची, तसेच जळगाव जिल्ह्यातील पाल व ममुराबादची कृषी विज्ञान केंद्रे आहेत. वाणाचे नाव आणि पेरणीची तारीख लिहून नेली तर तेथे नेमके उत्तर मिळते.

कोबी-फ्लॉवरची हौस असणाऱ्यांनी ती सप्टेंबरपर्यंत राखून ठेवावी. पोळा झाल्यावर बी ट्रेमध्ये टाकावे, म्हणजे हस्ताचा पाऊस ओसरेपर्यंत रोपे २५-३० दिवसांची होऊन लागवडीला येतात. उन्हाळ्यात कोथिंबिरीवर ताणलेली जाळी घडी करून माळ्यावर टाकली असेल तर ती त्या वेळी खाली काढावी आणि झटकून दुपारपुरती रोपांच्या ट्रेवर बांधावी. ऑक्टोबरचे ऊन तिला आणखी तीन-चार आठवडे कामाला लावते.